शांततेचा खेळ : मादाम माँटेसरी यांची जीवनकथा

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका इटालियन बाईंचे चरित्र कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. आमच्याही मनात आले होते. मुलांसाठी शांततेवर काहीतरी लिहा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा आम्ही प्रथम उपदेशपर लेखच लिहायला घेतला. भांडू नये, मारामारी करू नये, सर्वांशी गोडीने वागावे, वगैरे. दोन पाने झाली आणि आमचे आम्हालाच हसू आले. कारण आतल्या खोलीत पोरं धिंगाणा घालीत होती आणि शांततेवरचा लेख नीट लिहिता यावा म्हणून आम्हीच त्यांच्यावर दोनदा खेकसलो होतो.

ती दोन पाने फाडून टाकली. ठरवले की उपदेश नको. मुलांना शांतता खरोखर कशी शिकवायची हे ज्या बाईंनी वर्गात मुलांमध्ये बसून शोधून काढले, त्यांचीच गोष्ट सांगावी. मारिया माँटेसरी हे नाव सर्वांच्या ओळखीचे आहे. आपल्याकडे तर गल्लीबोळात माँटेसरी असते. एक खोली, भिंतीवर मिकी माऊस, पोरांच्या गळ्यात टाय आणि महिन्याची फी. पण ही पाटी ज्यांच्या नावाची, त्या बाई कोण होत्या हे फारसे कुणी सांगत नाही. त्यांची पहिली शाळा पैसेवाल्यांच्या मुलांसाठी नव्हती, ती मजुरांच्या वस्तीत होती, एवढे जरी सांगितले तरी पुष्कळांना नवल वाटेल.

मारियाबाईंचा जन्म 31 ऑगस्ट 1870 रोजी इटलीतील अँकोना शहराजवळच्या किआराव्हाले या गावी झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकर होते. आई रेनिल्दे वाचनाची आवड असलेली, शिकलेली बाई. मारिया पाच वर्षांची असताना कुटुंब रोम शहरात आले. त्या काळी शिकलेल्या मुलीने फार तर शिक्षिका व्हावे अशी रीत होती. ही मुलगी मात्र आधी म्हणाली इंजिनिअर होणार, मग म्हणाली डॉक्टर होणार. वडिलांना हे पसंत नव्हते. आई मात्र पाठीशी उभी राहिली. पुष्कळ घरांत असेच असते.

रोमच्या वैद्यकीय विद्यालयात बहुतेक सगळे पुरुषच. मृतदेहाची चिरफाड करून शरीराची रचना शिकावी लागते. पण पुरुष विद्यार्थ्यांच्या बरोबरीने एका मुलीने उघडा देह पाहणे असभ्य मानले जाई. म्हणून सगळे गेल्यावर, संध्याकाळी, त्या एकट्याने प्रेतांच्या खोलीत बसून अभ्यास करावा लागे. शिकायला परवानगी आहे पण सगळ्यांबरोबर बसायला नाही, याचा अर्थ काय होतो हे आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना वेगळे सांगायला नको. 1896 साली त्या डॉक्टर झाल्या. इटलीतल्या अगदी पहिल्या काही स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते. त्याच वर्षी बर्लिनला भरलेल्या महिला परिषदेत त्यांनी इटलीच्या वतीने भाग घेतला आणि स्त्री-पुरुषांना समान कामाला समान मजुरी मिळावी, असे भाषण केले.

त्यांचे पहिले काम मनोरुग्णालयाच्या दवाखान्यात. तेथे मतिमंद समजली जाणारी मुले वेड्यांच्या इस्पितळातच कोंडलेली असत. एक हकीकत सांगतात. जेवण झाले की ही मुले जमिनीवर पडलेले पावाचे कण वेचीत. सांभाळणारी बाई म्हणे, खादाड कार्टी आहेत. मारियाबाईंनी खोली पाहिली. तिथे हातात धरायला, चाचपायला, खेळायला एकही वस्तू नव्हती. भूक पोटाची नव्हती, हातांची होती. मग त्यांनी इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचे जुने ग्रंथ मिळवले. त्यांपैकी सेगँचा जाडजूड ग्रंथ तर त्यांनी स्वतःच्या हाताने पूर्ण उतरवून काढला. त्यावरून साहित्य तयार करून त्या मुलांना शिकवू लागल्या. त्यांतली काही मुले पुढे साध्या शाळेतल्या मुलांच्या बरोबरीने परीक्षेत पास झाली. लोक त्यांची वाहवा करू लागले. बाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला. ही मुले जर इथवर येतात, तर धडधाकट मुलांना आपण शाळेत कोंडून नेमके काय करतो आहोत?

याच काळात त्यांच्या आयुष्यात एक मोठे दुःख घडले. सोबत काम करणारे डॉक्टर मोंतेसानो यांच्यापासून त्यांना 1898 साली मुलगा झाला, मारिओ. लग्न झाले नव्हते. ही गोष्ट उघड झाली असती तर बाईंचे काम त्याच दिवशी संपले असते. पुरुषाचे अर्थातच संपले नसते. मुलगा खेड्यात एका कुटुंबाकडे वाढला. आई अधूनमधून भेटायला जाई, पण आई म्हणून नाही. जगभरच्या मुलांची आई म्हणून जिचे नाव झाले तिला स्वतःच्या मुलाला जवळ घ्यायला तो पंधरा वर्षांचा होईपर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हाही लोकांत भाचा म्हणूनच ओळख करून द्यावी लागली. या मारिओची पुढे पुन्हा भेट होईल.

आता सान लोरेन्झोकडे वळू. रोमच्या रेल्वे फाटकाजवळची ही कामगारवस्ती. अर्धवट बांधून सोडलेल्या इमारती, एका खोलीत दोन-दोन कुटुंबे, चोऱ्या, दारू, मारामाऱ्या. एका बांधकाम कंपनीने त्यांतल्या काही इमारती दुरुस्त केल्या आणि मजुरांना भाड्याने दिल्या. नवरा-बायको दोघेही सकाळी कामावर जात. शाळेच्या वयाची नसलेली पोरं दिवसभर जिन्यांत हुंदडत, भिंती खरडीत, कठडे मोडीत. कंपनीने हिशेब केला. नासधूस दुरुस्त करायला जेवढे पैसे जातात त्यात या पोरांसाठी एक खोली चालवता येईल. थोडक्यात, पोरांच्या कल्याणापेक्षा भिंतींच्या काळजीतून ती शाळा निघाली! 6 जानेवारी 1907 रोजी ती सुरू झाली. नाव ठेवले कासा देई बांबिनी, म्हणजे मुलांचे घर. तीन ते सहा वयाची पन्नासेक मुले होती. शिकवायला ट्रेनिंग झालेली शिक्षिका नव्हती, एक साधी तरुण मुलगी होती. मुले घाबरलेली, रडकी, एकमेकांच्या अंगावर जाणारी.

पहिल्याच दिवशी बाईंना काही जादू सापडली नाही. त्या बघत राहिल्या. आमच्या मते हाच त्यांचा मोठेपणा. आपण मोठी माणसे मुलांकडे बघतो ती चूक पकडायला. त्या बघत होत्या की मूल काय करू पाहते आहे. साहित्य कपाटात कुलूपबंद असे. एक दिवस कुलूप लावायचे राहिले, शिक्षिकेला यायला उशीर झाला, आणि येऊन पाहते तर मुलांनी आपापल्या हाताने वस्तू काढून काम सुरू केलेले. शिक्षिकेला ती चोरी वाटली. बाईंना वाटले की मुलांना आता काय हवे ते स्वतःला कळते. कपाट गेले आणि मुलांच्या हाताला लागतील अशा बुटक्या फळ्या आल्या. मुलांच्या मापाची हलकी टेबले-खुर्च्या आल्या. बक्षिसे बंद झाली आणि शिक्षाही बंद झाली, कारण बाईंनी पाहिले की कामात गढलेल्या मुलाला दोहोंचीही पर्वा नसते.

शांततेचा विषय इथेच सुरू होतो. या वर्गात शांततेचा वेगळा तास नव्हता. पण रोजच्या व्यवहाराची मांडणीच अशी की मुलांना एकमेकांबरोबर राहावे लागे. एक साधी गोष्ट बघा. प्रत्येक साहित्याचा वर्गात एकच संच ठेवलेला असे. मनोरा रचायचे गुलाबी ठोकळे आहेत, तर ते एकदाच आहेत. दुसऱ्या मुलाला तेच हवे असेल तर काय? हिसकावून घ्यायचे नाही. पहिल्याचे होईपर्यंत थांबायचे, हवे तर शेजारी बसून बघायचे, आणि त्याने जागेवर ठेवले की मग घ्यायचे. वाट पाहण्यावर भाषण नाही, वाट पाहण्याचा रोजचा सराव. आपण याच्या अगदी उलट करतो. दोन भावंडे एका गाडीवरून भांडली की दुसरी गाडी आणून देतो आणि म्हणतो, झाली शांतता. बाईंचे म्हणणे असे की तिथे शांतता झालीच नाही, फक्त भांडायचे कारण संपले.

दुसरी गोष्ट, वागण्याचे छोटे छोटे पाठ. खुर्ची आवाज न करता कशी उचलायची, दार हळू कसे लावायचे, कात्री दुसऱ्याला देताना टोक आपल्याकडे कसे धरायचे, दोघे बोलत असतील तर मधून कसे जायचे. हे पाठ चार-सहा मुलांना घेऊन, नाटकासारखे करून दाखवीत. आणि कधी? कुणाचीच चूक झालेली नसताना. हा मुद्दा आम्हाला फार मोलाचा वाटतो. कारण आपल्याकडे हे सगळे शिकवले जाते ते चूक झाल्यावर, चारचौघांत, कान धरून. एकदा बाईंनी मुलांना रुमालाने नाक कसे पुसावे हे दाखवले, अगदी हळू, आवाज न करता. पाठ संपल्यावर मुलांनी चक्क टाळ्या वाजवल्या. बाई चकित झाल्या. मग लक्षात आले की शेंबडी म्हणून या मुलांना नेहमी हिणवले जाते, पण नाक कसे पुसायचे हे आजवर कुणी त्यांना मानाने शिकवलेच नव्हते. गरिबाच्या पोराला अपमान फार लवकर कळायला लागतो. मानही तितक्याच लवकर कळतो.

तिसरी गोष्ट म्हणजे जमिनीवर आखलेली लांबट गोल रेघ. सगळ्या मुलांनी त्या रेघेवरून एकामागून एक चालायचे. ते जमले की हातात पाण्याने भरलेला पेला घेऊन, थेंब न सांडता. मग हातात घंटी घेऊन, ती न वाजू देता. पुढचा हळू चालत असेल तर मागच्यानेही हळू व्हायचे. ढकलून पुढे जाण्यात काही मिळत नाही, कारण शर्यतच नाही.

आणि चौथी म्हणजे तो प्रसिद्ध शांततेचा खेळ. तो ठरवून काढलेला नव्हता. एकदा शाळेच्या अंगणात एका बाईच्या कडेवर चार महिन्यांची तान्ही मुलगी होती, दुपट्यात गुंडाळलेली आणि अगदी गप्प. मारियाबाईंनी तिला घेतले आणि वर्गात आणले. मुलांना सांगितले की ही पाहुणी बघा किती शांत आहे, इतके शांत तुम्हाला काही राहता येणार नाही. मुलांनी पाय जुळवले, अंग आवरले. मग बाई म्हणाल्या की हिचा श्वासही किती हलका आहे. मुले श्वास रोखून बघू लागली. आणि त्या गजबजलेल्या वस्तीतल्या खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली, जी तिथे कधी कुणी ऐकली नव्हती.

तिथून खेळ तयार झाला. सगळी मुले मिळून हालचाल थांबवतात. मग बाई शेजारच्या खोलीत जाऊन दाराआडून एकेकाचे नाव अगदी कुजबुजत्या आवाजात घेतात. ज्याचे नाव आले त्याने खुर्चीला, शेजाऱ्याला धक्का न लावता, चवड्यांवर चालत यायचे. चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या मुलाला किती थांबावे लागत असेल! ते थांबत. बाईंना वाटले की एवढ्या लहान मुलांवर फार ताण पडतो, म्हणून त्यांनी गोळ्या-चॉकलेट देऊ केले. मुलांनी घेतले नाही. या खेळाचे एक वैशिष्ट्य आहे. धावण्यात एक जिंकतो, बाकीचे हरतात. इथे एकानेही पाय वाजवला तर सगळ्यांची शांतता मोडते. ती एकट्याने करताच येत नाही, आणि कुणाला लादताही येत नाही.

आपण सर्वजण शाळेत हाताची घडी, तोंडावर बोट करून बसलो आहोत. तीही शांतताच होती. गुरुजी वर्गाबाहेर गेले की ती किती वेळ टिके हे प्रत्येकाने आठवावे.

आम्ही हा खेळ विहारातल्या रविवारच्या मुलांच्या वर्गात करून पाहिला. पहिल्या रविवारी अर्धे मिनिटसुद्धा जमले नाही. एकाला हसू आले आणि सगळ्यांनाच आले. दुसऱ्या रविवारी पंख्याची कुरकुर, कुणाच्या घरच्या कुकरची शिट्टी आणि लांबून भंगारवाल्याची हाक, एवढे मुलांनी ऐकले आणि नंतर आपणहून सांगितले. क्रिकेटवरून एकमेकांची गचांडी धरणारे दोन इमारतींचे दोन म्होरके त्यात होते. एकाचे नाव आधी आले तेव्हा तो दुसऱ्याच्या पायाला पाय न लागू देता, अंग चोरून, चवड्यांवर गेला. त्यांची भांडणे थांबली असे आम्ही म्हणणार नाही. पुढच्याच बुधवारी स्टंप तुटला. पण ते चार पाऊल चालणे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

असो. पुढची हकीकत थोडी भरभर सांगतो. 1908 च्या डिसेंबरात मेस्सिना शहरात भयंकर भूकंप झाला. ढिगाऱ्यातून वाचलेली साठेक अनाथ मुले रोमला एका मठात आणली गेली. ना नावगाव माहीत, ना आईबाप. मुले जेवत नसत, रात्री किंचाळून उठत. त्यांनाही याच रीतीने सांभाळले. हळूहळू ती टेबल मांडू लागली, एकमेकांना वाढू लागली, झोपू लागली. 1909 साली बाईंचे पहिले पुस्तक निघाले आणि त्यांचे नाव जगभर गेले. 1915 साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग भरवला गेला. बाहेर लोकांची गर्दी आणि आत मुले आपापल्या कामात दंग. त्या वेळी युरोपात पहिले महायुद्ध पेटलेले होते. जखमी सैनिकांसाठी रेड क्रॉस आहे, तशी युद्धात मनाने जखमी झालेल्या मुलांसाठी व्हाइट क्रॉस नावाची संस्था असावी, अशी सूचना बाईंनी 1917 साली केली. ती कुणी मनावर घेतली नाही.

आता एक अशी गोष्ट सांगायची आहे जी अनेक चरित्रांत एका ओळीत उरकली जाते. 1924 साली बाईंची मुसोलिनीशी भेट झाली आणि त्या हुकूमशहाच्या सरकारने त्यांच्या शाळांना पाठिंबा दिला. बाईंनी तो घेतला. त्यांना वाटले असेल की सरकार कुणाचे का असेना, शाळा तर निघतात, मुलांचे तर भले होते. जवळजवळ दहा वर्षे हे चालले. आम्ही इथे त्यांची बाजू घेणार नाही. ज्यांनी विरोध केला ते त्याच काळात तुरुंगात सडत होते, हे बाईंना दिसत नव्हते असे कसे म्हणावे? पण सरकारला काय हवे होते ते हळूहळू उघड झाले. शिक्षकांनी पक्षाशी इमानाची शपथ घ्यावी. मुलांनी गणवेश घालून, हात उंचावून कवायत करावी. ज्या मुलांना रेघेवरून पाणी न सांडता चालायला शिकवले त्यांनाच बंदुकीच्या तालावर चालवायचे होते. तेव्हा बाई बाजूला झाल्या, आणि 1934 पर्यंत इटलीतल्या त्यांच्या शाळा सरकारने बंद केल्या. जर्मनीत नाझींनीही तेच केले. दोन हुकूमशहांना चार वर्षांच्या पोरांची भीती का वाटली असेल, यावर विचार करावा.

बाईंनी त्यावर खूप विचार केला असला पाहिजे. 1932 साली जिनिव्हा येथे शिक्षण आणि शांतता या विषयावर त्यांचे व्याख्यान झाले. 1936 साली ब्रुसेल्सला शांतता परिषदेत आणि 1937 साली कोपनहेगनला त्यांनी तोच विषय पुढे नेला. त्यांच्या मांडणीचा सारांश आम्ही आपल्या भाषेत सांगतो. युद्ध थांबले म्हणजे शांतता झाली, असे नाही. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला गप्प बसवले, एवढाच त्याचा अर्थ असतो. आणि हीच गोष्ट घरात आणि शाळेत रोज घडते. मोठा जिंकतो, लहान गप्प बसतो. शाळेत शेजाऱ्याला उत्तर सांगणे हा गुन्हा ठरतो. म्हणजे मदत करणे हा अपराध, आणि शेजाऱ्यापेक्षा जास्त मार्क मिळवणे हा पराक्रम. असे दहा वर्षे चालले की जो माणूस तयार होतो तो एकतर दबतो किंवा दाबतो. त्याला कुणी मोठ्या आवाजात हुकूम दिला की तो निघाला रांगेत. स्वतः निवडून काम करणारे, थांबायला शिकलेले, न सांगता दुसऱ्याला वाट देणारे मूल मोठेपणी असे सहज हाकता येत नाही. राजकारणी माणसे युद्ध टाळू शकतील, पण शांतता उभी करणे हे शिक्षणाचेच काम, असे त्यांचे मत होते.

1936 साली स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा बाई बार्सिलोनाला राहत होत्या. तेथून इंग्रजांच्या जहाजाने त्यांना निघावे लागले. मग हॉलंडमध्ये त्यांनी आसरा घेतला. वय सहासष्ट, आणि हाताशी ना घर ना देश.

हिंदुस्थानशी त्यांचा संबंध आधीच आला होता. 1931 साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले तेव्हा दोघांची भेट झाली. बाबासाहेबही त्या वेळी त्याच परिषदेसाठी लंडनमध्ये होते, आणि तिथे काय झडले ते आपल्या वाचकांना ठाऊक आहे. माँटेसरी शिक्षकांपुढे बोलताना गांधीजींनी असे शिक्षण श्रीमंतांच्याच नव्हे, दरिद्री मुलांनाही मिळावे अशी अपेक्षा व्यक्त केली. 1939 साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या आमंत्रणावरून बाई मद्रासजवळ अड्यारला आल्या. झावळ्यांनी शाकारलेल्या मांडवात वर्ग भरे. तीनशेच्या आसपास शिक्षक देशभरातून आले होते. बाई इटालियनमध्ये बोलत, मारिओ इंग्रजीत सांगत.

सहा महिन्यांसाठी आलेल्या बाई अडकून पडल्या. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी मायलेक दोघेही शत्रूराष्ट्राचे नागरिक झाले. मारिओला स्थानबद्धांच्या छावणीत नेले, बाईंना अड्यारच्या आवाराबाहेर जायची बंदी झाली. शांततेवर जगभर व्याख्याने देणाऱ्या बाईंवर सत्तराव्या वर्षी ही वेळ. 31 ऑगस्टला त्यांचा सत्तरावा वाढदिवस आला. व्हाइसरॉयकडून तार आली की वाढदिवसाची भेट म्हणून तुमचा मुलगा तुम्हाला परत देत आहोत. त्या तारेत मुलगा हा शब्द होता. बेचाळीस वर्षे जो शब्द बाईंना लोकांत उच्चारता आला नव्हता, तो सरकारी कागदावर छापून आला. मारिओ सुटून आला.

युद्ध संपेपर्यंत त्या इथेच राहिल्या. कोडाईकॅनॉलच्या डोंगरात मुलांना घेऊन झाडेपाने, किडे, दगड, तारे यांचा अभ्यास करीत. प्रत्येक जीव दुसऱ्याच्या आधाराने कसा जगतो, हे थोड्या मोठ्या मुलांना शिकवण्याची त्यांची रीत याच काळात पक्की झाली. हजारावर शिक्षक त्यांनी या देशात तयार केले.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ताराबाई मोडक यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धतीने काम केले होते. त्यांना दिसले की परदेशी घडणीचे महागडे साहित्य आपल्या खेड्यात परवडणारे नाही. 1945 साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डीला काम सुरू केले. अनुताई वाघ सोबत आल्या. शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या, खडे हेच साहित्य झाले. गरीब घरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, आणि अंगणवाडी हा शब्द तिथून आला. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. सान लोरेन्झोच्या मजुरांच्या पोरांसाठी निघालेली गोष्ट अशी पुन्हा गरिबांच्या दारात आली. टायवाल्या माँटेसरीपेक्षा आपल्या गल्लीतली अंगणवाडी त्या बाईंच्या जास्त जवळची आहे, असे आमचे मत आहे. तिथल्या ताईंना मानधन किती आणि काम किती, हा वेगळ्या लेखाचा विषय होईल.

1949, 1950 आणि 1951 अशी तीन वर्षे शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी बाईंचे नाव सुचवले गेले. पारितोषिक मिळाले नाही. इटलीने पुढे 1990 साली त्यांचे चित्र हजार लिरांच्या नोटेवर छापले. ज्या देशाने शाळा बंद केल्या त्यानेच नोटेवर छापले. असे होतच असते.

6 मे 1952 रोजी हॉलंडमधील नूर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी त्या होत्या. आफ्रिकेत गोल्ड कोस्ट येथे, म्हणजे आजच्या घानात, जाऊन शिक्षक तयार करावेत असा विचार चालू होता. मारिओ म्हणाला की तिथे ऊन फार, सोयी नाहीत, या वयात जाऊ नका. बाईंना वाटले की मुलगा आपल्याला मागे ठेवून जाणार, आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. मारिओ काही कामासाठी खोलीबाहेर गेला आणि परत आला तेव्हा बाई गेलेल्या होत्या. वय 81 होते. जिथे मृत्यू येईल तिथेच पुरावे, अशी त्यांची इच्छा होती, म्हणून त्याच गावी त्यांना पुरले. कबरीवरचा मजकूर इटालियन भाषेत आहे. त्यात ना राजांना आवाहन आहे, ना पुढाऱ्यांना. माणसात आणि जगात शांतता उभी करायला माझ्या सोबत या, अशी विनंती मुलांना केलेली आहे.